हात वर

"तुझ्या दादाचं नशीबच फुटकं," असं आजही कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. नशिबाचा काय संबंध? दादाला विमानातून उतरवलं ते आमच्या घराने, आमच्या मंडळाने आणि त्याच्या स्वतःच्या अतिशहाणपणाने. नशिबावर ढकललं की सगळे मोकळे.

आम्ही भांडुपला डोंगराच्या बाजूला चाळीत राहायचो. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती परत उघडलीच नाही, आणि मग ते नाहूरच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले. पण चाळीत त्यांना वॉचमन म्हणायची कुणाची टाप नव्हती. चाळीत ते कबड्डीवाले होते. त्यांचा एक किस्सा आम्हाला इतक्या वेळा ऐकवला गेला होता की मी तो झोपेतही म्हणून दाखवला असता. कुठल्याशा फायनलमध्ये चढाई करणाऱ्या गड्याचं बोट यांच्या टाचेला लागलं. पंचांना दिसलं नाही, खुद्द त्या गड्यालाही कळलं नाही. बाबा हात वर करून स्वतःच बाहेर जाऊन बसले. मॅच गेली, पण समोरच्या संघाने त्यांना खांद्यावर घेतलं.

"लागलं की हात वर करायचा," हे त्यांचं ब्रीद होतं. चाळीच्या कबड्डी मंडळाच्या प्रत्येक पोराला त्यांनी ते शिकवलं. त्याचं कारणही ते सांगायचे. कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा जात नाही. आपल्यातल्या कुणी समोरचा एक मारला की बाहेर बसलेला आपला एक जिवंत होतो, परत आत येतो. मग बाद व्हायला लाजायचं कशाला? लपवणारा मात्र संघाला बुडवतो.

दादा चाळीसमोरच्या मंडळाच्या ग्राउंडवरच मोठा झाला. मंडळाचा सगळ्यात चपळ गडी तो. आणि तो हवाई दलात पायलटच्या ट्रेनिंगला निवडला गेला. बातमी आली तेव्हा चाळीत गणपतीत वाजतो तसा ताशा वाजला. आईने तर प्रत्येक विमानाला हात जोडायला सुरुवात केली. सांताक्रूझला उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जायची, त्यातलं एकही दादाचं नव्हतं, पण आईला ते कोण सांगणार?

वर्षभराने, थंडीत, तो पहिल्यांदा मोठ्या रजेवर आला. केस बारीक कापलेले, पाठ सरळ. जेवताना त्याने तिकडचे नियम सांगितले तेव्हा आम्ही हसून हसून बेजार झालो. रजेवरसुद्धा मोटारसायकल चालवायची नाही. अनोळखी पाण्यात उडी मारायची नाही. परवानगीशिवाय कुठल्या स्पर्धेत उतरायचं नाही. आणि कुठेही लागलं, अगदी जिन्यावरून घसरलं, तरी आधी डॉक्टरला सांगायचं. त्यांचे शिकवणारे साहेब म्हणायचे म्हणे, "तुमचं शरीर आता तुमचं एकट्याचं नाही. सरकारी आहे."

"म्हणजे तू सरकारी माल," मी म्हटलं.

"हो ना. हात लावू नकोस, पावती लागेल."

पण पुढे तो जे बोलला ते मला आवडलं नाही. रविवारी ही सगळी पायलट पोरं काय करायची, तर कुणाची तरी मोटारसायकल मागून आणायची आणि जुन्या बंद धावपट्टीवर शर्यत लावायची. जवळच्या खाणीत पाणी साचलं होतं, त्यात वरच्या कड्यावरून उड्या मारायच्या. जो कचरेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. एकाचा दात पडला, तर त्याने डॉक्टरला सांगितलं की नळावर आपटलो.

"आणि नियम?" मी विचारलं.

"नियम सापडणाऱ्यांसाठी असतात गं."

बाबा हसले. माझ्या बाबांना ते बोलणं आवडलं. तिथेच मला काहीतरी समजायला हवं होतं, असं म्हणायची पद्धत आहे. मला तेव्हाच समजलं होतं आणि मी बोललेही होते. "पण लागलेलं सांगायचं हा नियम बरोबर आहे ना? तुमच्या कबड्डीसारखाच आहे," असं म्हटलं. बाबांनी आमटी वाढायला सांगितली.

त्याच आठवड्यात मंडळाची स्पर्धा होती. सेमीफायनल आम्ही जिंकलो, पण आमचा मुख्य चढाईवाला तापाने पडला. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे अध्यक्षकाकाच म्हणायचो, संध्याकाळी घरी आले आणि दादाच्या शेजारी बसून त्याच्या मांडीवर थाप मारली.

"काय पायलट, उतरतोस ना फायनलला?"

"नाही काका, परवानगी नाही."

"अरे यार, कोणाला कळतंय? आजारी पोराच्या नावावर खेळ. तुझं नाव कुठे येणारच नाही."

दादा बाबांकडे बघत राहिला. खरं सांगते, तेव्हा बाबांनी नुसतं "नको" म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण वॉचमनच्या खाकी कपड्यात दिवस काढणाऱ्या माणसाला एक संध्याकाळ परत कबड्डीवाला व्हायचं होतं. ते गावच्या मालवणीत म्हणाले, "खेळ रे झिला. काय होवचा नाय."

मी ओरडले. "दुसऱ्याच्या नावावर खेळणं हे लपवणं नाही का?" आईने मला आत ओढलं. "पुरुषांच्यात कशाला तोंड घालतेस?" म्हणाली. आईवरचा तो राग माझा अजून गेलेला नाही.

फायनलला दादाने सुरुवातीला धमाल उडवली. लोक "पायलट, पायलट" ओरडत होते, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाचा काय उपयोग झाला ते देवच जाणे. मग एका चढाईत तिघांनी साखळी करून त्याला उचललं आणि मैदानाबाहेर आपटलं. तो बसल्या अवस्थेत, कमरेवर, कडक जमिनीवर आदळला. आवाज मला चाळीच्या पायरीवर ऐकू आला. तो उठला, हसला, परत खेळला. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी त्याला बूट घालायला वाकता येईना.

स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी बोटाने पाठ चाचपली आणि म्हणाले, "मणक्याचा फोटो काढा. आणि तुमच्या साहेबांना कळवा."

घरी आल्यावर बाबांनी दार लावून घेतलं. "फोटो नाही काढायचा. फोटो काढला की कागद झाला. सांगू नकोस कोणाला. हाडवैद्याला बोलावतो, तेल लावलं की सुटेल."

सांगू नकोस! टाचेला बोट लागल्याचं भर मैदानात सांगणारा माणूस हे बोलत होता. आणि दादा, तो काय लहान होता? त्याने मान डोलावली. तेल चोळून घेतलं, कमरेला पट्टा आवळला आणि ट्रंक उचलून गेला. ट्रंकसुद्धा स्वतः उचलली. दुखतंय हे चाळीला दिसायला नको म्हणून.

पुढचं त्याने मला खूप नंतर सांगितलं. विमान हवेत वळवताना त्याच्या डाव्या पायाची जाणीवच गेली. पेडल दाबतोय की नाही ते कळेना. मागे बसलेल्या साहेबांनी विमान हातात घेतलं आणि खाली उतरवलं. उतरल्यावर त्यांनी एकच विचारलं, "कधीपासून?" मग पाठीचा फोटो निघाला, जो भांडुपलाच निघायला हवा होता.

लढाऊ विमानात एक खुर्ची असते. संकटात ती पायलटला घेऊन वर उडते. तो धक्का मणक्यावर येतो. चेपलेल्या, वर तेल चोळून चोळून बिघडवलेल्या मणक्याच्या माणसाला त्या खुर्चीत कुणी बसवत नाही. हे मी समजू शकते. मला जे गिळता येत नाही ते वेगळंच आहे. तिकडच्या डॉक्टरने दादाला सांगितलं की लागलं त्याच दिवशी कळवलं असतंस तर काही महिने झोपवून ठेवलं असतं, तू मागच्या बॅचमध्ये गेला असतास आणि परत उडला असतास. वेळेवर सांगणाऱ्याला तिकडेही परत आत घेत होते. याला घेतलं नाही. बाहेर काढलं.

तो घरी आला त्या दिवशी बाबा म्हणाले, "नशीब आपलं."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "नशीब नाही. तुम्ही मॅच हरायला तयार होतात, पण मुलाला हात वर करू दिला नाहीत." आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्याशी त्या आवाजात बोलले. दादाच म्हणाला, "गप ना गं, झालं ते झालं." मला दोघांनाही धरून हलवावंसं वाटलं.

दादा मुलुंडच्या एका ऑफिसात लागला. चालतो, जिने चढतो, पाणी भरतो. बघणाऱ्याला वाटतं, या माणसाला झालंय काय? दोन वर्षांनी तो परत कबड्डी खेळायला लागला. आता कसली परवानगी आणि कुणाची? मंडळाने त्याच्या बनियनवर मागे मोठ्या अक्षरात 'पायलट' छापून आणलं आणि त्याने ते घातलं.

त्या वर्षी मी एकच मॅच बघितली. समोरचा गडी चढाईला आला, वळला, आणि जाता जाता त्याचं बोट दादाच्या दंडाला चाटून गेलं. पंचांनी पाहिलं नाही. त्या गड्यालाही कळलं नाही. दादाने हात वर केला आणि रेषेबाहेर जाऊन बसला.

सगळं ग्राउंड टाळ्या वाजवायला लागलं. बाबा उभे राहून वाजवत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लाउडस्पीकरवर अध्यक्षकाका ओरडले, "पायलट बाद!" मी हाताची घडी घालून उभी होते. पुढच्याच चढाईत आमच्या पोराने एक गडी मारला, आणि दादा पँटची माती झटकत परत आत गेला.