विहिणीकडून आलेला ड्रायर

कपडे वाळवायला वीज जाळायची, हे मला कधीच पटलं नाही. मिरजगावात वारा फुकट आहे. पण मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि पाठोपाठ पुण्याहून तिच्या सासरचा ड्रायर टेम्पोतून आला. "गावाकडची धूळ बाळाच्या कपड्यांना नको," हा विहीणबाईंचा निरोप. जावयानं मशीन मुलीच्या खोलीत बसवलं आणि गरम हवा बाहेर सोडायला भिंतीला भोक पाडलं. भिंत माझी, पण विचारायची पद्धत त्यांच्याकडे नसावी.

बारसं झालं, पाहुणे गेले आणि मशीन नुसतंच गरगर फिरायला लागलं. ऊब म्हणून नाही. त्यात झड लागलेली. दोरीवरच्या दुपट्यांना कुबट वास येऊ लागला. मुलीनं फोनवर सांगितलं आणि विहीणबाईंचा लगेच निकाल आला: "रविवारी गाडी घेऊन येते. दोघांना घेऊन जाते."

सव्वा महिना अजून व्हायचा होता. बाळंतीण माझ्या घरातून अर्ध्यात उचलून नेणार, आणि कारण काय, तर ओले लंगोट! लेकीचं बाळंतपणही धड करता आलं नाही, हे गावभर झालं असतं.

इंजिनिअर जावई व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "अप्पा, तुमच्याकडं व्होल्टेज कमी असतं." ज्यानं पाण्याच्या मोटारी विकून घर बांधलं, त्याला हा व्होल्टेज शिकवतो! मी मीटर लावून त्याला आकडा दाखवला. व्होल्टेज चोख होतं. "मग आईला विचारतो," म्हणाला. शाबास.

रविवारी सकाळी नगरहून मेकॅनिक आला. मशीनला हात लावायच्या आधीच त्याचं निदान तयार.

"हीटर गेला, शेठ. नवा टाकू."

"उघडून बघितला?"

"अनुभव हाय ना."

"अनुभव खिशात ठेव. आधी मीटर लाव."

हीटर ठणठणीत निघाला. मग म्हणाला, बोर्ड असेल. मी म्हटलं, "उद्या म्हणशील, भिंत बदला. आधी सांग, ही गरम हवा जाते कुठं?"

"मागच्या नळीतनं बाहेर."

मोटार चालू असून पाणी येत नसेल तर मी आधी पाईप बघतो, मग मोटार. पावसातच घरामागं गेलो. नळीच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट कोंबलेला. ओढून काढला, तर पुण्यातल्या कुठल्याशा योगवर्गाचं नाव छापलेला नॅपकिन.

मेकॅनिकचा आवाज उतरला. "हवा कोंडली, मशीन लई तापलं, म्हणून सेफ्टी स्विचनं हीटर बंद केला. ड्रम तेवढा फिरत ऱ्हातो." त्यानं मागचं बारीक बटण दाबलं. थोड्या वेळात आतून ऊब आली.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. विहीणबाई उतरताच मी नॅपकिन पुढं धरला.

"हा कुणाचा?"

"माझा. बारशाला आले तेव्हा लावला. त्या भोकातून बाळंतिणीच्या अंगावर वारं येत होतं."

"शाळेत विज्ञान शिकवत होता ना तुम्ही?"

"विज्ञान शाळेत. बाळंतिणीला वारं लागू देऊ नये, एवढंही तुमच्या घरात कुणाला कळू नये?"

म्हणजे मशीन त्यांचं, बोळा त्यांचा आणि चूक माझी! माझा आवाज चढला.

"अवो, हळू. बाळ उठंल," बायको आतून ओरडली. तिच्याच आवाजानं ते उठलं.

मुलीनं ड्रायरमधून गरम दुपटं काढलं, बाळाला गुंडाळलं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं. "आई, कपडे वाळतात आता. सव्वा महिना झाला की मी स्वतःहून येते. आज जेवून जा."

विहीणबाईंनी दुपटं दोनदा चाचपून पाहिलं. चुकलं, असा शब्द तोंडातून निघाला नाही. जेवल्या, गाडी रिकामी घेऊन गेल्या. जाताना बायकोनं लेकीसाठी केलेले डिंकाचे लाडू मात्र डबा भरून नेले.