ठराव मंजूर

अण्णांना त्या स्पर्धेला मीच बोलावलं. कुणी गळ घातली नव्हती, माझीच हौस! तीन वर्षं कॉलेजच्या वादविवादाच्या संघात होते. चषक घेऊन घरी यायचे, आणि वडील नुसते "बरं हाय" म्हणून पेरूच्या बागेकडे निघून जायचे. म्हटलं, एकदा ऐकू दे तरी आपली पोरगी काय बोलते ते. अंतिम फेरी राहात्याला आमच्याच कॉलेजात होती, म्हणजे लांब आहे ही सबबही उरली नव्हती.

तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरात एकच विषय पेटलेला होता, मी एम.ए.ला पुण्याला जायचं की नाही. दिवाळीपासून मी हात धुऊन मागे लागले होते. संक्रांतीच्या सुमाराला कुठे अण्णांच्या तोंडून "बरं, जा" निघालं. तेवढ्यावर मी मनातल्या मनात हॉस्टेलच्या खोलीत कॉटसुद्धा लावून टाकली होती.

स्पर्धेचा विषय होता, 'या सभागृहाचे मत आहे की, उच्च शिक्षणासाठी गाव सोडण्याची गरज नाही.' वादविवादात एका कॉलेजचे दोघं असतात. एक ठरावाच्या बाजूनं बोलतो, दुसरा विरोधात. कुणी कुठली बाजू घ्यायची ते आमचे सर ठरवायचे. माझा जोडीदार सोनईकडचा, आवाज असा की माईक नसला तरी चालेल. त्याला सरांनी विरोध दिला. मला म्हणाले, "तू बाजूनं बोल. तुझ्या आवाजात ओलावा आहे."

झालं! पुण्याला जायला तडफडणारी मी, 'गाव सोडू नका' पाठ करायला बसले. आईच्या हातच्या डब्याचं एक वाक्य होतं, तिथं गळा कसा दाटून आणायचा, तेसुद्धा सरांनी घोटून घेतलं. "थांब. आवंढा गिळ. मग बोल." मला त्यात काडीचंही वावगं वाटलं नाही. खेळच तो, असं आम्ही सगळेच समजत होतो.

आणि काय बोलले मी त्या दिवशी! डब्याच्या वाक्याला थांबले, आवंढा गिळला, डोळे भरून आणले. पुढच्या रांगेत अण्णा खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे टिपत होते. मला तर आभाळ ठेंगणं झालं. शेवटी अध्यक्षांनी सभागृहाचा कौल घेतला, ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करा. सगळ्यांच्या आधी अण्णांचा हात वर गेला. ठराव मंजूर झाला आणि पहिलं बक्षीस मला मिळालं.

घरी आल्या आल्या अण्णा आईला म्हणाले, "पोरीनं डोळे उघडले आज. तिला न्हाई जायचं पुन्याला. आपल्याला बोलायला भीत हुती, तिथं समद्यांसमोर बोलली."

मी हसलेच. "अण्णा, स्पर्धा होती ती! बाजू सरांनी दिली होती."

"म्हंजे खोटं बोललीस? एवढ्या लोकात?"

आता काय सांगू! हो म्हणावं तर त्यांना डोळे टिपताना मी पाहिलं होतं. नाही म्हणावं तर पुणं गेलं. मी म्हटलं, "तसं नाही हो. विरोधात बोलला ना, तो मुलगासुद्धा आमच्याच संघातला."

"तुमचाच? आन् तुझ्याच विरोधात बोलला?" अण्णांनी त्या बिचाऱ्याला तिथल्या तिथं नालायक ठरवून टाकलं.

अण्णा गावच्या दूध सोसायटीचे संचालक. तिथं वार्षिक सभेत ठराव वाचतात, लोक "मंजूर, मंजूर" म्हणत हात वर करतात, की झाली काळ्या दगडावरची रेघ. विरोध करायचा तर सभेत उठून करावा. नंतर घरी बसून कुरकुर करणारा माणूस अण्णांच्या लेखी हलका. ते मला म्हणाले, "मी सोता हात वर केला. आता फिरवायचा कसा?"

पुण्याच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायची मुदत संपत आली होती. माझा जीव नुसता टांगणीला लागला. शेवटी ठरवलं, बोलून घालवलंय ते बोलूनच परत आणायचं. एका संध्याकाळी अण्णा ओट्यावर खोक्यांत पेरू भरत होते. मी समोर उभी राहिले आणि दुसरी बाजू मांडली. तिथली लायब्ररी, तिथले प्राध्यापक, स्वतःच्या पायावर उभं राहणं, सगळं एकापाठोपाठ एक. अण्णांनी हातातलं काम थांबवून ऐकलं आणि संपल्यावर चक्क टाळ्या वाजवल्या.

"ह्ये बी झकास बोललीस," ते म्हणाले. "पर तुला दोन्ही येतं, बाई. मग खरं कंचं, ते मी कसं वळखायचं?"

मला इतका संताप आला! सरांचा, त्या चषकाचा, माझ्या जिभेचा. "अण्णा, माझा इथं जीव गुदमरतोय हो," एवढंच म्हणायला गेले आणि गळा दाटला. थांबले, आवंढा गिळला, आणि डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेचना. यातलं काही म्हणजे काही मी पाठ केलेलं नव्हतं.

अण्णांचा चेहरा कौतुकानं फुलला. त्यांनी आईला आतून हाक मारली. "अगं, भाईर ये, बघ लवकर! तिथं बी अशीच रडली हुती. अगदी अशीच."

मी ओंजळीत तोंड लपवलं, तर तेही त्यांना आवडलं.