लॅकरचा एक हात

गाड्या रंगवण्यात वीस वर्षं घालवलेल्या पेंटरला प्रयोगशाळेत कायम करायचं की नाही, ते आजच्या चाचणीवर ठरणार होतं. वाऱ्याच्या बोगद्यात बसवलेल्या विमानाच्या पंखाला त्याने खास रंग मारला होता. निळ्या उजेडात हा रंग लाल चमकतो आणि हवेचा दाब वाढेल तिथे मंद होतो.

वारा सुरू झाला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारा पंख मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच लाल. पेंटरचा पाय एका जागी ठरेना.

"काका, रंगावर आणखी काही मारलंत का?" चाचणी घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

"गुळगुळीत चकाकी यावी म्हणून लॅकरचा एक हात. खडबडीत काम मी आजवर कुणाच्या गळ्यात मारलं नाही."

"अहो, हवा आत शिरली तरच रंग दाब दाखवणार. तुम्ही त्याचं नाकच दाबलंत."

पेंटरने सगळं खरवडून पुन्हा नुसता रंग मारला. वाळेपर्यंत त्याने दारापर्यंत चाळीस फेऱ्या घातल्या. हाताला तो खरखरीतपणा सोसवत नव्हता.

दुपारी वारा पुन्हा सुटला आणि पंखाच्या पुढच्या कडेवर गडद पट्टा उमटला.

"जमलं. उद्या कायम नोकरीच्या कागदावर सही करा," बाई म्हणाल्या.

पेंटरची नजर पंखावरून हटेना. "खालच्या बाजूला तर कॅमेरा नाही ना? तेवढीच जरा गुळगुळीत..."

बाईंनी हात पुढे केला. "काका, खिशातला पॉलिशचा फडका इकडे द्या."