नाकातला दिवा आणि कोंढ्याचे पाहुणे

मला पाहायला कोंढा गावचे पाहुणे आले, तेव्हा माझ्या बाबांच्या नाकात लाल दिवा पेटलेला होता.

बाबा अड्याळच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. पाढे अजून तोंडपाठ, पण माणसांची नावं निसटू लागली होती. रोज आमच्याकडे पेपर वाचायला येणाऱ्या शेजारच्या काकांना त्यांनी एकदा सरळ विचारलं, आपण कोण? काका आठवडाभर फिरकले नाहीत. पुण्याला दादाच्या कानावर हे गेलं आणि त्यानं एक यंत्र पाठवून दिलं. काडेपेटीएवढी डबी, तिला वायर, वायरच्या टोकाला चिंचोक्याएवढा दिवा. डबी खिशात ठेवायची, दिवा चिमट्यानं नाकपुडीत अडकवायचा आणि पंचवीस मिनिटं बसायचं. तो उजेड नाकातून मेंदूला मिळतो, डोकं तरतरीत होतं, झोप लागते, असं दादा फोनवर सांगत होता. खरंच मिळतो का, हे त्यालाही नीटसं माहीत नव्हतं.

बाबांनी मात्र सोबतची पुस्तिका लाल पेन घेऊन वाचली. डोळे मिटावेत, बोलू नये, मधेच काढू नये. शेवटच्या सूचनेखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

पाहुणे अकराला यायचे होते, ते साडेदहालाच आले. बाबा नुकतेच दिवा लावून समोरच्या खोलीत बसले होते. आई कांदा चिरायचा सोडून धावत आली.

"काढा ना जी ते नाकातलं. पाहुणे आले."

बाबांनी डोळे न उघडता दोन बोटं दाखवली, मग पुन्हा दोन. बावीस मिनिटं उरली होती.

मुलाचे वडील जयभीम करत आत आले, मागून मुलगा आणि त्याची आत्या. बाबांनी मिटल्या डोळ्यांनीच हात जोडले. अर्धं नाक आतून लालभडक दिसत होतं. आत्यानं विचारलं, गुरुजींना दमा आहे का? आई म्हणाली, दम्याचं नाही, डोक्याचं आहे. त्यानंतर आत्या माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहू लागली. शेवटी मीच सांगितलं, की हे विसरण्यावर आहे आणि नवीनच सुरू केलंय.

समोर माणूस डोळे मिटून बसलेला, म्हणून कोणी मोठ्यानं बोलेना. मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या लॅबमध्ये रक्त तपासते. पगार, बदली, स्वयंपाक, सगळ्याची उत्तरं पाठ करून ठेवली होती. कोणी काही विचारलंच नाही. सगळ्यांनी मुकाट्यानं पोहे खाल्ले.

यंत्र वाजलं. बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हं, बोला."

मुलाच्या वडिलांना एकच विचारायचं होतं. "गुरुजी, हे मले लावता येते का?"

गेल्या महिन्यात ते शेतातली पाण्याची मोटर सुरू करून एका लग्नाला निघून गेले होते. परत आले तोवर शेजाऱ्याची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, तुडुंब भरली होती. तेव्हापासून घरातले त्यांना मोटरला हात लावू देत नव्हते. मी दिवा स्पिरिटनं पुसला, बाबांनी स्वतःच्या हातानं त्यांच्या नाकात लावला आणि सूचना समजावल्या. पुन्हा पंचवीस मिनिटं.

आईनं मला आणि मुलाला मागच्या अंगणात पाठवलं. तिथं त्यानं काही आडपडदा ठेवला नाही. नागपूरला त्याच्या ऑफिसात एक मुलगी होती, दोघांचं ठरलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं; मला हायसं वाटलं. मग इथं कशाला आलात, असं मी विचारलं.

"माहे बाबा घरी चूप बसतच नाई. सांगाले जागाच भेटत नाई."

मी म्हटलं, "आता चूप आहेत. जा, सांगून टाका."

तो खरंच आत गेला, वडिलांसमोर उभा राहिला आणि मुलीचं नाव, गाव, नोकरी, सगळं सांगून मोकळा झाला. वडिलांनी डोळे उघडले. ओठ हलले. बाबांनी शाळेत वर्गावर उगारायचे तसं बोट वर केलं.

"बोलू नका. अजून अकरा मिनिटं आहेत."

ती अकरा मिनिटं आम्ही सगळे त्या माणसाकडे पाहत बसलो. आधी ते फुरफुरले, मग त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग बराच वेळ छताकडे. यंत्र वाजलं, तेव्हा त्यांनी मुलाला एवढंच विचारलं, "पोट्टी जेवण करते का वेळेवर? का तुह्यासारखीच हाये?"

पाहुणे गेल्यावर आई भांडी आदळत म्हणाली, "पोरीले पाह्याले आले आन नाकातला दिवा पाहून गेले."

पुढे त्या मुलाचं ऑफिसातल्या मुलीशी लग्न झालं, आम्ही नागपूरला जेवून आलो. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, की दिव्याची खात्री मी देत नाही, रोज चाला, कान तपासून घ्या, चार माणसांत बसा. चार नाही, पण एक माणूस मिळाला. मुलाचे वडील दर बाजाराला अड्याळला येतात, दोघं आळीपाळीनं दिवा लावतात. बाबांना त्यांचं नाव अजून आठवत नाही. ते त्यांना कोंढेवाले म्हणतात.

परवा कोंढेवाल्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "काहून वं, तुले पाह्याले कोणी येऊन राहिलं का नाई?"

मी म्हटलं, "तुम्हीच आले होते ना जी."

ते विचारात पडले. "मंग जमलं काहून नाई?"

तेवढ्यात बाबांची पाळी संपली. कोंढेवाल्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि खुर्चीत जाऊन बसले.