विचारून घेतलेला गोडलिंब

समुद्राकाठी राहायला किती खर्च येतो, असं तुम्ही वाचक नेहमी विचारता. म्हणून आज माझा पहिला समुद्र सांगते. साठ-एकसष्टचा काळ. माय आणि मी मुंबई बघायला निघालोच नव्हतो, निघालो होतो ताईला आणायला. छप्पन साली विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, मग भाऊजींची नागपूरची कचेरीही तिकडे हलली आणि आमची राळेगावची ताई थेट समुद्राकाठी गेली. आता तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्या शकीलाचाचींनी तर तिच्यासाठी नवी सुतळी विणलेली बाज आमच्या ओसरीत आणूनही ठेवली.

एसटीने कळंब. तिथे मायने चिंतामणी गणपतीला हात जोडले, मग यवतमाळवरून धामणगाव स्टेशन. भुसावळला केळी घेऊन ठेवा, पुढे तशी स्वस्त मिळत नाहीत. शिदोरीत भाकरी आणि चाचींच्या अंगणातला गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, घालून केलेली चटणी होती. त्या एका झाडावर आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांची फोडणी चालायची. कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर चाची रागावल्या असत्या.

दादरला भाऊजी घ्यायला आले. उपनगर लागलं आणि मी बघतच राहिले. लाल कौलांचे बंगले, फाटकांवर पितळी पाट्या आणि गल्लीच्या टोकाला समुद्र! ताईचं नशीबच उघडलं, असं वाटलं मला. मग भाऊजी एका बंगल्याच्या मागे वळले. ताई मोटारीच्या गॅरेजमध्ये राहत होती.

भाजीवाला बंगल्यांकडे बघून भाव सांगायचा. आमच्याकडे भाजीवर फुकट पडणारी कोथिंबीर इथे मोजून विकत. शहाळ्याचा भाव ऐकून मायने कानांवर हातच ठेवले. ताईला डोहाळे लागले होते अंबाडीच्या भाजीचे, आणि ती तर पैसे देऊनही मिळेना.

"इथं समुद्र तेवढा फुकट आहे, माय," ताई हसून म्हणाली. "म्हणून रोज पाहून येते."

दुसऱ्या दिवशी माय वरणाला फोडणी द्यायला बसली. बागेत गोडलिंब दिसला, ती उठली आणि डहाळी मोडून घेऊन आली. मागोमाग बंगल्याच्या मालकीणबाई. त्या ओरडल्या नाहीत.

"अहो, हात लावण्याआधी विचारायचं तरी."

माय गोंधळली. "गोडलिंबाले काय विचारायचं, बाई?"

बाई ताईकडे वळल्या. "यांना सांगून ठेव. आणि आज पोळ्या लवकर कर, पाहुणे आहेत आमच्याकडे."

त्या गेल्यावर मायने विचारलं, "तू यायच्या घरी पोळ्या करतं?"

ताई खाली बघत होती. "दोन्ही टाइमचा सयपाक करते. म्हणून अर्धं भाडं माफ आहे. नाही तं सारा पगार भाड्यातच जाते."

"मंग चाल घरी!"

"चार महिने गेली तं बाई दुसरं जोडपं ठेवतीन. खोली जाईन, माय. मले लय यावं वाटते वं."

माय थांबायलाही तयार होती, पण त्या गॅरेजात महिनोन्महिने आणखी एक अंथरूण टाकायला जागा नव्हती. संध्याकाळी ताई आम्हाला समुद्रावर घेऊन गेली. "गावाकडं कपाशी फुटली असन ना?" तिने विचारलं. मला त्या समुद्राचा भयंकर राग आला.

परतीची वाट तीच. भुसावळला मी केळी घेतली, मायने एकही खाल्लं नाही.

घरी आल्यावर तिने चूल पेटवली आणि सवयीने शकीलाचाचींच्या अंगणात गेली. मी मागोमाग होते. झाडापाशी तिचा हात थांबला.

"शकीला, दोन पानं घेऊ का?"

चाची पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "काहून विचारून राह्यली वं? झाड काय परक्याचं हाय का?" आणि मग त्यांनी मायच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "पोरगी नाही आली?"

माय तिथेच झाडाखाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. चाचींनी स्वतः डहाळी मोडून तिच्या ओंजळीत ठेवली.

बाज त्यांनी परत नेली नाही. "पोरगी दुसऱ्या खेपेला येईन ना," म्हणायच्या. दुसऱ्या खेपेलाही ताई आली नाही.

त्यानंतर मी खूप समुद्र पाहिले, त्यांचे खर्चही तुम्हाला लिहून कळवले. पण फोडणीला गोडलिंब तोडताना माझा हात अजूनही जरासा थांबतो, आणि ताई घरी हवी होती असं वाटतं.