जाळ्याचं कुंपण

हे मी आईला सांगितलेलं नाही, डॉक्टरांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी सोपं जाईल असं वाटलं होतं — पण दोनदा लिहिलं आणि फाडलं. आता तिसऱ्यांदा बसले आहे.

मालवणजवळ एक लहानसा प्राणी-निवारा आहे, तिथे मी काम करते. गाडीखाली आलेली, पोत्यात बांधून टाकून दिलेली, बागांतल्या फासकीत अडकलेली कुत्री-मांजरं आमच्याकडे येतात. डॉक्टर त्यांना बरं करतात, मी त्यांना घरं शोधते. म्हणजे फोटो काढायचे, खाली इंग्रजीत चार ओळी लिहायच्या, फॉर्म भरून घ्यायचे, घर बघून यायचं आणि अहवाल द्यायचा. नावंही मीच ठेवते. लूना, कोको, ऑस्कर. अशा नावांची लवकर जातात. मोत्या नावाच्या कुत्र्याला वर्षभर कोणी विचारलं नव्हतं — त्याचा मिलो केला, तर दहा दिवसांत पणजीला गेला.

माणसं मला फारशी आवडत नाहीत. समोरचा बोलत असतो तेव्हा मी फॉर्मकडे बघते. लोक म्हणतात, लाजाळू आहे बिचारी. आहेच. पण लाजाळू माणूस गप्प बसून काय करत असतो, असं वाटतं तुम्हाला? तो समोरच्याला तोलत असतो. मी तर प्रत्येकाला तोलते, आणि बहुतेक सगळे हलके भरतात.

निळ्या डोळ्यांचं पिल्लू आहे का, विचारणारे. सोफ्याला शोभेल अशा रंगाचं मांजर हवं असलेले. मुलीला वाढदिवसाला पिल्लू देणारे, आणि पंधरा दिवसांनी तेच पिल्लू मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात घालून आमच्या फाटकापाशी ठेवून पळणारे. एक बाई मांजर परत घेऊन आल्या, कारण ते आल्यापासून सासूबाईंचा बीपी वाढला होता. मी सासूबाईंना भेटले नाही, पण तो कोणामुळे वाढला असेल याबद्दल माझं मत आहे. नेताना मात्र थाट बघावा! हार काय, ओवाळणं काय, व्हिडिओ काय. कुत्रा दीड दिवसाचा नसतो, हे यांना कोण सांगणार?

तर मी ही अशी. सगळ्यांना तुच्छ लेखायचं आणि त्याला पारख म्हणायचं.

द्रौपदीकाकी एका डिसेंबरात आली. मासे विकणारी, साठीच्या पुढची, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेली. डोक्यावर मासळीची पाटी, आणि पाटीत गोणपाटात गुंडाळलेला कुत्रा. जेटीवर टेम्पोचं चाक त्याच्या मागच्या पायावरून गेलं होतं. रक्त बघून रिक्षावाल्याने घेतलं नाही, म्हणून ती चालत आली होती. कुत्रा पाठीवर काळपट, पोटाशी चंदेरी. जेटीवर तीच त्याला खायला घालायची, आणि तिने त्याचं नाव ठेवलं होतं बांगडो.

"बांगडो खाता म्हणान नाय," ती डॉक्टरांना सांगत होती. "दिसताच तसो. पाटयेत घातलो तर गिऱ्हाइक भाव इचारतला."

डॉक्टर हसले. मी रजिस्टरमध्ये लिहिलं — ऑस्कर.

त्यानंतर ती दर सोमवारी यायची. सोमवारी मासे खपत नाहीत. स्टीलच्या डब्यात उकडलेले मासे, काटे काढलेले. फाटकाची कडी वाजली की तो पिंजऱ्यात तीन पायांवर उभा राहायचा. दुसऱ्या कोणी कडी वाजवली तर कानही हलवायचा नाही. तिला वेगळी कशी वाजवता येत होती, मला अजून कळलेलं नाही. ती गेली की मी तिची खुर्ची फिनेलने पुसायची. हे एवढं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला, पण ही अजून ती गोष्ट नव्हे.

फेब्रुवारीत प्लास्टर निघालं. तो लंगडणार हे ठरलं होतं. काकीने विचारलं, "माका दी गो तेका. माझोय पाय दुखता, तेचोय. दोगांची चाल एकच."

मी फॉर्म काढला, तिच्या वतीने भरला, तिने सही केली. घर बघायला येईन म्हणून सांगितलं. इथवर माझं काही चुकलेलं नव्हतं — निदान कागदावर.

पुढच्या सोमवारी ऑफिसात पुण्याचं एक जोडपं बसलं होतं. किनाऱ्यावर त्यांचा होमस्टे. दोघांचे कपडे इस्त्री न केल्यासारखे दिसावेत म्हणून मुद्दाम महाग घेतलेले. कुत्रा पाहुण्यांच्या फोटोत शांत बसेल का, हा त्यांचा पहिला प्रश्न. लंगडा असल्याचं कळल्यावर दोघं एकमेकांकडे बघून विरघळलेच — लंगड्या कुत्र्याची गोष्ट पाहुण्यांना सांगता येते. पाच मिनिटांत मला त्यांचा वीट आला होता. आम्ही इंग्रजीत बोलत होतो. तेवढ्यात काकी आली, तिने डबा टेबलावर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे निरखून बघत राहिली.

"तू शालूचा चेडू मां गो? नाक बघ, तसाच. तुझ्या आवशीच्या बाजूक बसान धा वर्सा मासे इकले मीया!"

चेडू म्हणजे मुलगी, आणि शालू माझ्या आईचं नाव. मी चौथीत जाईपर्यंत आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. मग बाबांना जहाजावर नोकरी लागली, फाटक असलेलं घर झालं, मला इंग्रजी शाळेत घातलं, आणि आईची पाटी माळ्यावर गेली. हे लपव, असं मला घरात कोणी कधी सांगितलं नाही. शाळेत दोन मुलींनी माझी वेणी हुंगून नाकं मुरडली, तेवढ्यावर मी शिकले. हुशार होते. आजही आई बाजारात गेली की अंगठ्याने माशाचा कल्ला उचलून बघते, आणि मी पाठ फिरवून कोथिंबिरीचे भाव विचारत उभी राहते.

जोडप्यातली ती कौतुकाने बघत होती, एखादं लोकनृत्य सुरू झाल्यासारखी. मी शुद्ध मराठीत म्हटलं, "नाही. तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

काकीने गैरसमज मान्य केल्यासारखी मान डोलावली. "आसात, आसात," म्हणाली आणि कुत्र्यापाशी जाऊन जमिनीवर बसली.

आईला नाकारलं — एवढंच असतं तर मी हे लिहिलं असतं का? बहुधा नाही. अशी नाकारणारी माणसं पुष्कळ असतात आणि चांगली झोपतात. पण कुत्रा काकीकडे गेला, की मला दर तीन महिन्यांनी तिच्या घरी तपासणीला जावं लागणार होतं. ती डॉक्टरांशी बोलणार, गावभर बोलणार — शालूचा चेडू, शालूचा चेडू. ती मला यायलाच नको होती. तिला थांबवायचा एकच मार्ग माझ्या हातात होता.

गुरुवारी मी तिच्या वाडीत गेले. गल्लीच्या तोंडाशी एका पडवीत चार-पाच बाया सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. आता विचारणार, कोणाची गो तू? मी स्कूटर वळवली. काकीचं घर तिथून दिसतही नव्हतं. ऑफिसात येऊन मी लिहिलं: "घर पाहिले. अंगणाला कुंपण नाही. प्राणी बांधून ठेवला जाण्याची शक्यता. अर्ज नाकारावा." डॉक्टरांनी खाली सही केली. ते माझे अहवाल वाचत नाहीत. मी कडक आहे म्हणून त्यांना माझा अभिमान आहे.

जोडप्याचं घर मात्र मी नीट बघितलं. कोकम सरबत घेतलं. गेट बघितलं. मागच्या पडवीत भिंतीत ठोकलेली साखळीची कडीही बघितली. पाऊस लागला की इथले होमस्टे बंद होतात आणि मालक शहरात जातात, हे या किनाऱ्यावर कोणाला माहीत नाही? पावसाळ्यात प्राण्याची जबाबदारी कोणाची, असा आमच्या फॉर्ममध्ये प्रश्नच आहे. त्यांनी लिहिलं होतं, केअरटेकर. कोण, कुठला — मी विचारलं नाही. शेरा दिला, "उत्तम." ती माणसं मला आवडली होती असं समजू नका. त्यांच्यासमोर मी कोणाचीच मुलगी नव्हते, एवढंच.

काकीला मी सांगितलं, कुंपण नाही म्हणून जमणार नाही.

"कुंपाण? तां काय मोठा!" म्हणाली आणि गेली.

होळीनंतरच्या सोमवारी ती आली तेव्हा तिचे दोन्ही तळवे चिरलेले होते. तिने कुंपण घातलं होतं — वाडीतली मासेमारीची जुनी जाळी मागून, मेढे रोवून. "घातला कुंपाण. ये बघूक." बांगडो त्या जोडप्याकडे जाऊन आठवडा झाला होता. चांगल्या लोकांकडे गेलाय, मी सांगितलं. तिने विचारलं, "मासे घालतत तेका?" मी हो म्हटलं. तिने डबा दुसऱ्या कुत्र्यांसाठी ठेवला.

जूनअखेर नियमाप्रमाणे मी होमस्टेवर जायला हवं होतं. मी मेसेज करून फोटो मागवला. लगेच आला. फोटोत कोरडी वाळू होती, छत्री होती, ऊन होतं. माझ्या खिडकीबाहेर तीन दिवस पावसाची झड लागली होती. मी फोटो बघितला, वाळू बघितली, आणि रजिस्टरमध्ये "ठीक" लिहिलं. माझी नजर फार बारीक आहे, असं सगळे म्हणतात.

जुलैच्या अखेरीस त्या होमस्टेच्या शेजाऱ्यांचा फोन आला. कुत्रा आधी रडायचा, आता रडत नाही. डॉक्टर आणि मी गेलो. मागच्या पडवीत, त्याच कडीला तो साखळीने होता. केअरटेकर लावणीसाठी गावी गेलेला. खाण्याची पिशवी फोडून ठेवलेली, पण साखळी पोचत नव्हती तिथे. पुण्याला फोन लावला, तर मॅडमना रडू आलं. खरंच आलं. त्यांनी नंतर त्यावर पोस्टही लिहिली.

निवाऱ्यात आणून सलाईन लावलं. तो काही खाईना. डॉक्टरांनी काकीला बोलावलं. तिने कडी वाजवली, तर त्याने मान उचलली. तिच्या बोटांवरून दोन घास खाल्ले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिच्याकडे राहिला तर उठेल. तू नाकारलं होतंस ना?"

काकीने ऐकलं असावं. "आता कुंपाण आसा, डॉक्टरांनू! होळयेपासून आसा!"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "बघितलंस?"

एवढंच विचारलं. बघितलं नाही, म्हणायचं होतं. मी कधीच काही बघितलं नाही, असं म्हणायचं होतं. तो समोर होता, तिच्या मांडीवर हनुवटी ठेवून. आणि मी म्हटलं, "हो. जाळ्याचं आहे. टिकायचं नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. कुत्रा पिंजऱ्यातच राहिला. चौथ्या दिवशी बाजाराच्या गर्दीत काकीला यायला जमलं नाही. त्या दुपारी तो गेला. मी रजिस्टरमध्ये ऑस्करच्या नावापुढे रेघ मारली.

दिवाळीच्या सुमारास मी तिच्या घरी गेले. पहिल्यांदा. पडवीतल्या बायांनी मान वर केली आणि मला काहीच विचारलं नाही. कुंपण उभं होतं. सगळा पावसाळा खाऊन उभं होतं. त्यावर पडवळाचा वेल चढला होता. होडीच्या फळीचं फाटक होतं. आणि खालच्या बाजूला, माझ्या गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत, आतून जाळं दुहेरी होतं — जाळी सांधायच्या सुईने बारीक विणून घेतलेलं, लंगडा पाय भोकात अडकू नये म्हणून. मी तिथे उभी राहून ते विणकाम बघितलं. त्या दिवशी तरी बघितलं.

काकीने चहा केला. कप माझ्या हातात देताना आईचं विचारलं, "आवस बरी आसा?"

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी म्हटलं, "बरी आहे."

मग ती कुंपणाकडे बघत बसली. "माझाच चुकला गो," म्हणाली. "आदीच घालूक व्हया होता."

मी चहा संपवला. कप खाली ठेवला. आणि म्हटलं, हो.