निःसंतान

सरकारी दप्तरात माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ निःसंतान वारले आहेत. तसं मी लिहिलं. अक्षर माझं, खाली सही वडिलांची आणि 'लिहिणार' म्हणून माझी.

तापीवरच्या धरणात आमचं गाव उठलं तेव्हा मी जळगावच्या कॉलेजातून नुकता पदवी घेऊन बाहेर पडलो होतो. जमिनीच्या प्रत्येक खात्याची वंशावळ काढून द्यायची होती. अक्षर बरं म्हणून भाऊकीतल्या सगळ्यांच्या वंशावळी माझ्याकडे आल्या. मारुतीच्या पारावर बसून मी रेघा ओढायचो. म्हातारी माणसं बोटांवर मोजत नावं सांगायची, एकमेकांना खोडून काढायची. "अरे, तो तिचा दीर! त्याला नवरा काय करतोस?" असं म्हणून सगळे हसायचे. मला ते काम आवडत होतं.

शेवटी आमची वंशावळ राहिली. खातं पणजोबांच्या नावावर. त्यांना दोन मुलं, थोरले माझे आजोबा. धाकटे भांडून धुळ्याला गेले आणि तिथल्या गिरणीत लागले, एवढंच घरात बोललं जायचं.

"त्यांच्यापुढे काय लिहू, आबा?" मी वडिलांना विचारलं.

"गेले ते. लिही, निःसंतान."

मी थांबलो. लहानपणी धुळ्याहून एक लग्नपत्रिका आली होती, चारही कोपऱ्यांना हळद लावलेली. आजोबांच्या भावाच्या मुलाचं लग्न होतं. कुणी गेलं नव्हतं. ती पत्रिका मी पाहिली होती आणि मी पाहिली होती हे वडिलांना ठाऊक होतं.

"एका खात्याला प्रकल्पग्रस्ताचा दाखला एकच," वडील म्हणाले. "वारस वाढले की सगळ्यांची संमती आणावी लागेल. तुला नोकरी पाहिजे ना?"

मला नोकरी पाहिजे होती. मी लिहिलं. त्याच दाखल्यावर जळगावला सरकारी कचेरीत लागलो, लग्न झालं, पिंप्राळ्यात घर केलं. वडिलांवर ढकलून मोकळं व्हावं असं पुष्कळदा वाटलं, पण पेन माझ्या हातात होतं.

पाचसहा वर्षांनी आमचा भाट आला. आमच्याकडे भाट काही वर्षांनी फेरी करतो. लाल कापडात बांधलेली वही उघडून भाऊकीसमोर कुळाची नावं वाचतो आणि मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं चढवतो. जुनं गाव सापडेना म्हणून तो दोन दिवस फिरून बोदवडकडून नव्या गावठाणात पोचला होता.

"गाव बुडालं आबा, वही नाही बुडाली," असं म्हणून हसत त्याने वाचायला सुरुवात केली. पणजोबा आले, आजोबा आले. मग धाकट्यांचं नाव, त्याखाली त्यांच्या मुलाचं. "मुक्काम धुळे," त्याने त्याच सुरात वाचलं. "मागल्या महिन्यात भेटून आलो. तुमची चौकशी करत होते."

 माझी आई भाटाला वाढायचं म्हणून उठून आत गेली. वडील एवढंच म्हणाले, "वही तुमची, भाटजी. कागद सरकारचा." भाटाला ते कळलं नसावं. त्याने माझ्या मुलाचं नाव विचारलं आणि त्याच पानावर लिहून घेतलं.

त्याच्याकडून पत्ता घेऊन मी धुळ्याला गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. गिरणीजवळच्या चाळीत दोन खोल्या. वडिलांचे ते चुलत भाऊ, म्हणजे माझे काका, खाटेवर बसलेले, गुडघे गेलेले. मी कोण ते सांगताच त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"आपला घरना मानूस उना!" त्यांनी आत हाक मारली.

काकू पाणी घेऊन आल्या. "इतला वरीसमा आते पत्ता सापडना व्हय?" त्या म्हणाल्या आणि माझा चेहरा पाहून हसल्या.

"गाव शे ना आजून?" काकांनी विचारलं.

"नाही. पाण्यात गेलं."

"बठ्ठं?"

"सगळं."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ते गाव त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. मग त्यांची मुलगी बाहेर आली. टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिलेली, नोकरीसाठी अर्ज करणारी. "दादा, तुम्ही कचेरीत आहात. आमच्या पणजोबांची जमीन गेली म्हणतात, मग मला दाखला मिळेल का?"

"जुने कागद आता सापडत नाहीत," मी म्हणालो. मग त्यांच्याकडे जेवलो. काकूंनी आग्रह करकरून पुरणाचे मांडे वाढले.

वर्षभराने ती पिंप्राळ्याला माझ्या दारात उभी राहिली. कागद सापडले होते. अर्ज करून तिने वंशावळीची नक्कल काढली होती. बायको चहा ठेवायला गेली तेव्हा तिने ती टेबलावर पसरली.

"ही सही तुमचीच ना, दादा?"

"हो."

"घरी अण्णांना दाखवलं नाही मी. ते तुमचं नाव सारखं घेतात." ती आवाज चढवत नव्हती. "चुकून झालं असेल. धुळ्याला वारस आहेत, असं दुसरं लिहून द्या. भरतीचे अर्ज घेतायत अजून, दिवाळीपर्यंत."

नवीन प्रतिज्ञापत्र म्हणजे जुनं खोटं होतं याची कबुली. खात्याचा दाखला एकच; तिला मिळायचा तर माझा रद्द होणार, आणि माझी नोकरी त्यावरच उभी होती. खाली वडिलांची सही होती. मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत देतो."

स्टॅम्प पेपर आणला. मजकूर एकटाकी लिहून झाला. वंशावळ मला तोंडपाठ होती. धाकट्यांखाली रेघ ओढली, काकांचं नाव लिहिलं, त्याखाली तिचं. भाटाच्या वहीत लेकींची नावं नसतात, इथे मी लिहिलं. सही राहिली. रोज कचेरीत जाताना कागद खिशात घालायचो आणि रोज परत आणायचो. दिवाळी आली आणि गेली. तिने पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात धुळ्याहून पत्रिका आली. तिचं लग्न होतं. कोपऱ्यांना हळद. खाली 'आपले नम्र' म्हणून सगळ्या भाऊकीची नावं छापलेली. पहिलं माझ्या वडिलांचं, त्यानंतर काकांचं, मग माझं. ती यादी काकांनी सांगितली असणार आणि तिनेच टाइप केली असणार.

वडील म्हणाले, "तब्येत बरी नाही म्हणून कळव." मी गेलो. मांडवात काकांनी व्याह्यांना माझी ओळख करून दिली, "हाऊ मना पुतन्या. गावकडना." अक्षता पडल्यावर ती वाकली, मी डोक्यावर हात ठेवला. तिने एकदा वर पाहिलं.

परतीच्या एस.टी.त पारोळ्याजवळ तपासनीसाने तिकीट मागितलं. खिशात हात घातला तर आधी तो बिनसहीचा स्टॅम्प पेपर हाताला लागला. तिकीट त्याच्या घडीत होतं.